बरणीतला दोर

टेबलावर तेहतीस बरण्या होत्या. आमच्या टॅमरॅक फॉल्स गावच्या बायका ज्या बरण्यांत काकड्या आणि बीट मुरवतात, त्याच. झाकणांवर तशाच पांढऱ्या चिकटपट्ट्या, पट्ट्यांवर तशाच नेटक्या अक्षरांत नाव आणि तारीख. आत मात्र काकड्या नव्हत्या. प्रत्येक बरणीत, पाण्यात बुडालेला, एकेक दोर होता. कुठे तपकिरी, कुठे हिरवट, कुठे जवळजवळ काळा. रबरासारखा चिवट, अंगभर वळ्या पडलेला. सगळ्यात मोठा हातभर लांब होता आणि त्याच्या मालकिणीने तो इथे आणताना वाटेत चार घरी दाखवला होता.

हे दोर माणसांच्या पोटातून बाहेर पडले होते.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारचे दोन. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपायला एकच दिवस उरलेला. अशा दिवशी या गावातला पुरुष रानाबाहेर दिसला तर तो आजारी समजावा. तरीही कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, क्लबचा हॉल भरला होता. एकशे दहा खुर्च्या मी मोजल्या. भिंतींना टेकून उभे असलेले वेगळे. काचेपलीकडे खेळाचं बर्फ रिकामं पडलं होतं आणि इकडे सगळे माना उंचावून बरण्या बघत होते.

"भावांनो, बहिणींनो," ब्रदर ऑरिन टिल्बरी म्हणाला, "हा दोर डॉक्टरच्या यंत्राला दिसतो का?"

"नाही!"

"का नाही दिसत?"

उत्तर त्यानेच दिलं.

"कारण यंत्र माणसाने बनवलंय आणि दोर सैतानाने विणलाय! वर्षानुवर्षं, तुमच्या आतड्याच्या भिंतीला चिकटून. तुम्ही खाता, तो खातो. तुम्ही झोपता, तो वाढतो. मग खाज येते, आग होते, पोट साफ होत नाही, बसवत नाही. डॉक्टर काय म्हणतो? मूळव्याध! आणि मलम देतो." तो खिन्नपणे हसला. "दोराला मलम."

लोक हसले. फिरता धर्मोपदेशक असलेला ब्रदर ऑरिन सहा आठवड्यांपूर्वी गावात आला होता. क्लबच्या मागे त्याची चाकांवरची खोली उभी होती आणि तीत पवित्र 'जॉर्डन चूर्णा'चे डबे छतापर्यंत रचलेले होते. चार चमचे चूर्ण पाण्यात ढवळायचं, एका दमात प्यायचं, "सैतानाला वास लागायच्या आत". सात दिवसांचं एक सप्तक, अशी तीन सप्तकं. पहिल्याच सप्तकात दोर बाहेर पडे. हे खोटं नव्हतं. ज्याने ज्याने चूर्ण घेतलं, त्याच्या पोटातून दोर पडला. न चुकता. या एका गोष्टीवर गाव फिदा होतं.

त्याने एक बरणी उचलली. "ही कुणाची? मॅव्हिस? हा फुगवटा बघ. सासूचा जाच."

मॅव्हिस लाजली. "कोणती, ब्रदर? मला दोन झाल्या."

"म्हणून तर दोन फुगवटे आहेत!"

हॉल पुन्हा हसला. पहिल्या रांगेत लायल स्कोग्लंड हसला नाही. त्याच्या पुढ्यातल्या छोट्या टेबलावर एक रिकामा ग्लास, पाण्याचा जग आणि चूर्णाचा नवा डबा होता. आज त्याचं तिसरं सप्तक सुरू व्हायचं होतं, सगळ्यांच्या साक्षीने.

लायल अठ्ठावन्न वर्षांचा. हिवाळ्यात जिल्ह्याच्या रस्त्यांवरचं बर्फ काढणारा ट्रक चालवतो, उन्हाळ्यात रस्ते सपाट करणारं यंत्र. दिवसाचे दहा-बारा तास बसून. जून महिन्यात त्याला संडासात पहिल्यांदा रक्त दिसलं. मग जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटू लागलं, आत काहीतरी राहिल्यासारखं. शी पूर्वीपेक्षा बारीक होऊ लागली. चार महिने त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. अंतर्वस्त्रात कागदी रुमाल घडी करून ठेवायचा आणि कामावर जायचा. डॉक्टरकडे गेला तेव्हा म्हणाला, पाठ दुखते.

यात नवल नाही. मारलेल्या हरणाच्या आतड्यांचं वर्णन आमच्याकडचे लोक जेवताना करतील, पण स्वतःच्या शरीराच्या त्या बाजूला नाव नाही. 'तिकडचं' म्हणतात, तेही नवराबायकोत. ब्रदर ऑरिनने या गावाला बोलायची नव्हे, न बोलायची सोय करून दिली होती. तोंड उघडायची गरज नाही. बरणी आणून ठेवा.

शेवटी लायलची बायको आर्डिस हिला धुण्यात ते रुमाल सापडले. तिने स्वतः फोन करून जिल्ह्याच्या रुग्णालयात दुर्बिणीच्या तपासणीची तारीख घेतली. सात आठवड्यांनंतरची मिळाली: येता गुरुवार. सोबत एक कागद आला होता. शनिवारपासून बिया, साली, तंतू असलेलं काही खायचं नाही, कसलंही चूर्ण घ्यायचं नाही. आतडं स्वच्छ नसेल तर तपासणी होणार नाही आणि पुढची तारीख मार्चमध्ये. तो शनिवार म्हणजे आजचा. आर्डिस नवऱ्याशेजारी बसली होती आणि तो कागद तिने मांडीवर इतका घट्ट धरला होता की त्याला चुण्या पडल्या होत्या.

"लायल बंधू," ब्रदर ऑरिन म्हणाला, "गेल्या शनिवारी तू इथे उभा राहून काय सांगितलंस, ते नव्या माणसांना सांग."

लायल उभा राहिला. "रक्त यायचं. चूर्ण घेतल्यावर थांबलं."

"थांबलं!" ब्रदर ऑरिनने टाळी वाजवली. "आणि गुरुवारी तुला काय करायचंय? तिकडून नळी घालून घ्यायचीय? दोराची मुळं सुटत आली असताना?"

ब्रदर ऑरिनने जगातलं पाणी ग्लासात ओतलं आणि चार चमचे चूर्ण मोजून घालून ढवळायला घेतलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. रोवेना पिट्रास आत आल्या. वय बहात्तर. गावच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हॉलमधली निम्मी डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली. आता दर हंगामात त्या भावाच्या मांसाच्या दुकानात सॉसेज भरायला बसतात. अंगावर दुकानाचा एप्रन तसाच होता. हातात एक बरणी. त्यांनी ती तेहतीस बरण्यांच्या शेवटी ठेवली. चिकटपट्टीवर लिहिलं होतं: रो. पि., शनिवार.

हॉलमध्ये कुजबुज पसरली. "मिस पिट्रास पण?"

आर्डिसने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. आठवड्यापूर्वी तीच मदत मागायला रडत त्यांच्याकडे गेली होती.

ब्रदर ऑरिनचे डोळे चमकले. सहा आठवडे ही एकच म्हातारी त्याच्या टेबलाजवळून मान ताठ ठेवून गेली होती. त्याने ढवळणं थांबवून चमचा बाजूला ठेवला.

"बाई, मी तुमचीच वाट पाहत होतो."

"आले ना आता," रोवेना म्हणाल्या. "बघा बरं. काय दिसतं?"

त्याने बरणी दिव्यासमोर धरली आणि हळूहळू फिरवली. "हा साधा दोर नाही. सत्तर वर्षांचा आहे. हा रंग बघा, भावांनो. हे पहिलं वळण, बालपण. वडील कडक होते?"

"होते."

"इथे दोर आवळलाय. एकटेपणा. संसार नाही झाला."

"नाही झाला."

कुणीतरी सुस्कारा टाकला.

"आणि हे टोक, हे तोंड आहे त्याचं. बाई, खरं सांगा. बाहेर पडला तेव्हा हा वळवळला की नाही?"

"थोडासा," रोवेना म्हणाल्या. "मी नळी झटकली तेव्हा."

"कोणती नळी?"

त्यांनी एप्रनच्या खिशातून हातभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी काढली आणि त्याच्या समोर ठेवली. "ही. सोमवारी हार्डवेअरच्या दुकानातून आणली. तुमच्याच टेबलावरून घेतलेला सीलबंद डबा, त्यातलं चूर्ण, पाणी. दोन्ही टोकांना बुचं लावली आणि आमच्या दुकानातल्या कोमट पाण्याच्या टाकीत सहा तास ठेवली. मधूनमधून दाबत होते, आतडं दाबतं तसं. हा दोर तिच्यातून निघाला. माझ्या पोटात चूर्णाचा कणसुद्धा गेलेला नाही, ब्रदर."

पहिल्या रांगेतली माणसं नळी बघायला पुढे वाकली.

"आता मला सांगा," रोवेना म्हणाल्या, "हिचे वडील कडक होते का?" त्यांनी नळी वर धरली.

मागच्या भिंतीकडून एक हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. कारण हसणारे थोडेच होते. बाकीच्यांच्या, नाहीतर त्यांच्या घरच्यांच्या, बरण्या टेबलावर होत्या.

मॅव्हिस उठली. "मिस पिट्रास, तुम्ही आमची चेष्टा करताय. माझ्यातून तो निघालाय. मी डोळ्यांनी पाहिला."

"निघालाच, मॅव्हिस. मी कुठे नाही म्हणते? पण जे गिळलंस तेच निघालं. ड्वेन, तुझ्याकडे डबा आहे ना? मागची बारीक अक्षरं वाच. मोठ्याने."

ड्वेन काल्बर्ग हा लायलच्याच रस्तेकामाच्या तुकडीतला, तिशीतला धिप्पाड गडी. त्याने डबा डोळ्यांजवळ नेला. "सिलियमचं भुसकट. बेंटोनाइट माती. कोळशाची पूड. बस, तिसरं काही... म्हणजे चौथं काही नाही."

सिलियमचं भुसकट म्हणजे मराठी घराघरांत असतो तो इसबगोल. पाण्यात पडला की फुगून बुळबुळीत गोळा होतो. बेंटोनाइट ही पाणी पिऊन फुगणारी चिकण माती. दोन्ही एकत्र पोटात गेली की आतड्यात घट्ट लगदा तयार होतो, आतडं तो पुढे ढकलतं, आणि आतड्याच्या आतल्या आकाराचा साचा बाहेर पडतो. वळ्यांसकट. कोळशाने रंग येतो. सैतानाला यात काही काम उरत नाही.

ब्रदर ऑरिन गडबडला नव्हता. त्याला असे प्रसंग नवे नसावेत. तो मृदू आवाजात म्हणाला, "बाई, नळी मेलेली असते. जिवंत आतड्याच्या भिंतीला विष चिकटतं. हे पुस्तकात नसतं."

"पुस्तकात नको बघायला," रोवेना म्हणाल्या. "ड्वेन, गेल्या आठवड्यात आमच्या दुकानात सॉसेजसाठी आतडी कुणी धुतली?"

"मी. आणि माझ्या भावाने."

"किती?"

"सत्तर-ऐंशी डुकरांची असतील."

"आत काय चिकटलं होतं? वर्षानुवर्षांचं?"

ड्वेनने विचार केला. तो मनात खरोखर आतडी धूत होता, हे त्याच्या हातांवरून दिसत होतं. "काही नाही," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "काहीच नाही, मिस पिट्रास. उलटं करून पाणी सोडलं की साफ. आतून गुळगुळीत असतं. चिकटायला जागाच नसते."

आणि मग हॉलमध्ये ते झालं जे नळीने झालं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. या गावात दहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाने नोव्हेंबरात आतडी धुतली आहेत, उलटी केली आहेत, सॉसेजसाठी मांसाने भरली आहेत. आतड्याची आतली बाजू जितकी या लोकांनी पाहिली आहे, तितकी शहरातल्या माणसांनी जन्मात पाहिली नसेल. तरी सहा आठवडे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. बरणीवर नाव आणि तारीख असली की आतला ऐवज खरा, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. तिनेच त्यांना फसवलं.

ब्रदर ऑरिनने आता शेवटचं पान टाकलं. तो लायलजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नळ्या काय आणि डुकरं काय. मी वाद घालत नाही. माझ्याकडे साक्षीदार आहे. लायल बंधू, तुझं रक्त थांबलं की नाही?"

सगळे वळले. लायल ग्लासाकडे बघत होता.

"त्याला विचारा! रक्त थांबलं की नाही?"

"थांबलं होतं," लायल म्हणाला.

"ऐकलंत?"

"थांबलं होतं," लायल पुन्हा म्हणाला. "मंगळवारपासून परत येतंय."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. "लायल? मला नाही सांगितलंस."

"कसं सांगणार, आर्डिस?" लायल तिच्याकडे वळला. "सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं होतं ना, बरा झालो म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मागे उभ्या फ्लॉइडने माझं ऐकून डबे नेले. आता कुठल्या तोंडाने सांगू, की अगं, पुन्हा रक्त येतंय?"

मला वाटतं, त्या दुपारी खरं गुपित उघडं झालं ते हे. दोराची युक्ती सोपी होती. तिच्यापेक्षा पक्की युक्ती टाळ्यांची होती. चारचौघांत 'बरा झालो' म्हणणारा माणूस पुढे आजार लपवतो. साक्ष देतो आणि तिच्यातच अडकतो.

"श्रद्धा कमी पडली," ब्रदर ऑरिन म्हणाला. "म्हणूनच तिसरं सप्तक. पी, बंधू. आत्ता."

लायलचा हात ग्लासाकडे गेला. मला तो हात अजून आठवतो. इतक्या लोकांसमोर तो मागे घेणं कठीण होतं. पिणं सोपं होतं. आर्डिस नुसती म्हणाली, "लायल." तिने तो चुरगळलेला कागद त्याच्या दुसऱ्या हातात दिला.

"थांब," रोवेना म्हणाल्या. "पी हवं तर. पण आधी ग्लास उलटा कर."

"काय?"

"उलटा कर. मी म्हणते म्हणून."

चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने असेल, लायलने ऐकलं. त्याने ग्लास उचलला आणि टेबलावर उलटा धरला.

काही सांडलं नाही.

बोलण्याच्या नादात पंधरा मिनिटं गेली होती. लायलने ग्लास हलवला. एकदा, दोनदा. मग पचकन एक तपकिरी ठोकळा टेबलावर पडला आणि थरथरत उभा राहिला. ग्लासाच्या उभ्या पन्हळी त्याच्या अंगावर जशाच्या तशा उमटल्या होत्या.

"एका दमात प्या, असं का सांगतात, कळलं?" रोवेना म्हणाल्या. "वेळ लावलात तर तो ग्लासातच जन्मतो."

मॅव्हिस पुढे आली. तिने बोटाने ठोकळा दाबून पाहिला. मग आपली बरणी उचलली, नाव लिहिलेली पट्टी झाकणावरून सोलून काढली, पट्टी खिशात टाकली आणि बरणी होती तिथे ठेवून दिली. दुसरी बाई उठली. मग तिसरी. कुणी ओरडलं नाही, कुणी ब्रदर ऑरिनच्या अंगावर धावून गेलं नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. फक्त पट्ट्या सोलल्याचा चर्र चर्र आवाज येत राहिला.

"डब्यावर लिहिलेलंच आहे," ब्रदर ऑरिन कुणालाच उद्देशून नसल्यासारखा म्हणाला, "की हा कुठल्याही रोगावरचा उपचार नाही."

"हो, वाचलं," ड्वेन म्हणाला. "त्याच बारीक अक्षरांत."

तेव्हा मागून फ्लॉइडने विचारलं, आणि विचारताना तो छताकडे बघत होता, "मिस पिट्रास, समजा एखाद्याला... तिकडे... आग होत असेल. आणि थोडं लाल. म्हणजे माझ्या एका ओळखीच्याला."

"तुझ्या ओळखीच्याला सांग," रोवेना म्हणाल्या, "की बहुतेक वेळा ती मूळव्याध असते, नाहीतर चीर. सकाळी जोर काढून कुंथू नकोस. फोन घेऊन अर्धा तास तिथे बसू नकोस. पाणी पी, भाज्या खा, कोमट पाण्यात दहा मिनिटं बस. आणि हो, हा इसबगोलसुद्धा घे, भरपूर पाण्याबरोबर. औषधाच्या दुकानात साधा मिळतो, सैतानाशिवाय. तुमच्यातल्या काहींना चूर्णाने बरं वाटलं ते त्याच्यामुळेच. पण रक्त आलं तर अंदाज करत बसायचं नाही. ते मूळव्याधीचं आहे की आणखी कशाचं, हे मला बघून सांगता येत नाही, तुला येत नाही आणि यांना तर नाहीच. दोन्हींचं रक्त मधूनमधून आपोआप थांबतं. थांबलं म्हणजे गेलं असं नाही. पोट साफ होऊनही राहिल्यासारखं वाटलं, शी बारीक झाली, सवय बदलली, वजन उतरलं, तर डॉक्टरला सांगायचं. आणि पाठ दुखते असं सांगायचं नाही, लायल."

लायलने मान हलवली. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली.

ब्रदर ऑरिनची चाकांवरची खोली सोमवारी सकाळी जागेवर नव्हती. चौतीस बरण्या तो तिथेच टाकून गेला. त्यातल्या तेहतिसांवर नाव उरलं नव्हतं. रोवेनांची पट्टी तेवढी तशीच होती.

गुरुवारी लायलची तपासणी झाली. गुदाशयात, आत बोटभर अंतरावर, शेंगदाण्याएवढी गाठ निघाली. कर्करोगाची. ती अजून भिंतीबाहेर पसरली नव्हती. डॉक्टरने आर्डिसला सांगितलं की मार्चपर्यंत ती तशीच राहिली असती असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकलं नसतं. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. त्या महिन्यात गावातले आणखी अकरा जण दवाखान्यात गेले. नऊ जणांना मूळव्याध किंवा चीर होती, एकाला आतड्याची जुनी सूज, एकाला काहीच नाही. फ्लॉइडचा ओळखीचा आता ठीक आहे.

या हकिगतीत चमत्कार कुठेच नाही. एक डबा होता, ज्यावर आतला माल लिहिलेला होता. तो वाचायला चष्म्यापलीकडे काही लागत नव्हतं. ग्लास उलटा करायला हातापलीकडे काही लागत नव्हतं. सहा आठवडे हे कुणी केलं नाही, कारण डबा वाचायचा तर आधी आपल्याला काय होतंय ते बोलावं लागलं असतं. जिथे लाज बोलू देत नाही, तिथे ढोंगी माणूस आपल्या वतीने बोलू लागतो. त्याला हाकलायचं तर आधी आपल्याला तोंड उघडावं लागतं. डॉक्टरसमोर, घरच्यांसमोर, साध्या शब्दांत.

फेब्रुवारीच्या एका सकाळी मी जिल्ह्याच्या गाड्यांच्या आवारात गेलो होतो. बाहेर फूटभर बर्फ. लायल कामावर परतून आठवडा झाला होता. ट्रक अजून चालवत नव्हता, दाराशी उभा राहून तुकडीची हजेरी घेत होता.

"ड्वेन, संडासला रक्त?"

"नाही, लायल."

"जोर काढावा लागतो?"

"अरे बाबा, नाही!"

"बरं. मग काढ गाडी. पुढचा कोण?"